इगतपुरीत निवांत कसे व्हावे: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

तुम्ही दमलेले आहात. नाही म्हणू नका. चेहऱ्यावर दिसतंय, आणि चेहऱ्यावर नसेल दिसत तर स्टेटसवर दिसतंय: कित्येक महिने झाले, तुमच्या स्टेटसला एकही डोंगर नाही.

पूर्वी माणूस दमला की रविवारी दुपारी वरणभात, वर तूप, बाजूला लिंबाची फोड असं जेवून पंख्याखाली आडवा व्हायचा आणि चार वाजता गालावर चटईची नक्षी घेऊन उठायचा. हा उपाय आजही तितकाच गुणकारी आहे. पण तो फुकट आहे, त्याला बुकिंग लागत नाही आणि गालावरची नक्षी बघून कुणी जळत नाही. तेव्हा तो आपल्या कामाचा नाही. आपल्याला हवाय वीकेंड: डोंगरात, द्राक्षांच्या मळ्यात, हातात ग्लास.

त्यासाठी इगतपुरी उत्तम. मुंबईहून सव्वाशे किलोमीटर, कसारा घाटाच्या माथ्यावर, सहाशे मीटर उंचीवर बसलेलं तालुक्याचं गाव. संजेगाव-कावनईच्या शिवारात वायनरी आहेत, जवळच मुकणे धरणाचं पाणी आहे, आणि कावनईला कपिलधारा हे जुनं तीर्थक्षेत्रही आहे. म्हणजे एकाच शिवारात दोन्ही प्रकारच्या तीर्थाची सोय. घरून निघताना कुठलं सांगायचं ते तुमच्या घरावर अवलंबून.

खालच्या पायऱ्या क्रमाने पाळा. मधली एखादी गाळून थेट आराम करायला जाऊ नका. सवय नसेल तर त्रास होतो.

१. तारीख ठरवा

आधी ग्रुप काढा. नाव ‘इगतपुरी फायनल’ ठेवा. पहिल्या दिवशी दहा जण अंगठा दाखवतील. तो अंगठा होकाराचा की दुसऱ्या अर्थाचा, हे पैसे भरायची वेळ आली की कळतं. एकाच्या मुलाची परीक्षा निघेल, एकाकडे पाहुणे येतील, एकजण ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून जो जाईल तो थेट फोटोंवर बदाम टाकायलाच उगवेल. शेवटी उराल तुम्ही दोघं, आणि एक अशी जोडी जिला ग्रुपमध्ये कुणी घेतलं होतं हे शेवटपर्यंत कळणार नाही.

आता मोसम. वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्च या काळात तोडणीला येतात. इतर वेळी वेलीवर पिकलेली द्राक्षं नसतात, हे ऐकून बऱ्याच जणांना फसवल्यासारखं वाटतं. एप्रिलमध्ये गेलात तर खरड छाटणी झालेली असते, ऑक्टोबरात गेलात तर फळछाटणी. दोन्ही वेळा बाग म्हणजे तारांवर ओळीने बांधलेल्या काटक्या. पावसाळ्यात पानं उदंड, घड एकही नाही. हे बागायतदाराला विचारलंत तर तो सांगेल, पण तुम्ही विचारणार रिसॉर्टच्या रिसेप्शनला, आणि रिसेप्शनच्या मते बारा महिने ‘बेस्ट सीझन’ असतो.

म्हणून हुशार माणसं जानेवारी धरतात. त्यातली फार हुशार माणसं जोडून सुट्टी येते म्हणून २६ तारीख धरतात. इथे मला तुमच्याबद्दल मनापासून वाईट वाटतं. २६ जानेवारी हा ड्राय डे असतो. महिनाभर आधी पैसे भरून, घाट चढून, पांढरे कपडे घालून, द्राक्षाचा रस पिऊन प्रजासत्ताक चिरायू करणारे तुम्ही पहिले नाही. पुढल्या वेळी कालनिर्णय उघडाल तेव्हा संकष्टी बघता तसा हाही दिवस बघत जा.

२. खोली निवडा

खोल्या तीन प्रकारच्या असतात: गार्डन व्ह्यू, पूल व्ह्यू आणि व्हॅली व्ह्यू. तिसरीला पैसे जास्त. तीच घ्या.

जुलैत घेतलीत तर अनुभव अविस्मरणीय. इगतपुरीत पाऊस पडत नाही, मुक्कामाला येतो. सकाळी पडदा सरकवा. समोर पांढरं. चहा होईपर्यंत थांबा. आता जरा जास्त पांढरं. दरी आहे, तिथेच आहे, कुठे गेलेली नाही. मधे फक्त ढग आहे. बायकोला बोलवा, म्हणा, “बघ, काय वाटतंय ना!” ती बघेल आणि विचारेल की टॉवेल वाळत कुठे घालायचे. दोन दिवसांत ते वाळणार नाहीत. गार्डन व्ह्यू घेतलेल्या माणसाला निम्म्या पैशात निदान एक कुंडी तरी दिसते, पण हे मनात ठेवा.

३. सामान भरा

पांढरे लिननचे कपडे, गवती हॅट, गॉगल. एक जाडसं इंग्रजी पुस्तक घ्या. ते पूलच्या कडेला पालथं ठेवण्याच्या कामी येतं. आईने निघताना हातात कोंबलेला दशम्या-चटणीचा आणि चिवड्याचा डबा डिकीत अगदी तळाशी ढकला. त्याचं काम रविवारी आहे.

४. घाट चढा

शुक्रवारी पाचला निघायचं ठरवा, म्हणजे साडेसातला निघाल. भिवंडी, पडघा, शहापूर, खर्डी, कसारा अशी वाट आहे आणि त्या संध्याकाळी ती अख्ख्या मुंबईला माहीत असते.

नवा मार्गही आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला. त्यात सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे. कसारा घाट डोक्यावर राहतो आणि तुम्ही डोंगराच्या पोटातून निघून जाता. वेळ वाचतो, यात वाद नाही. फक्त आमण्याला पोचण्याआधी भिवंडी लागते, आणि पुढे वाचणारा वेळ तिथे आगाऊ वसूल करून घेतात.

पुणेकरांसाठी वेगळ्या सूचना नाहीत. चाकण ओलांडलंत की कळवा.

रेल्वेने जाऊ नका. का, ते सांगतो. कसाऱ्याला गाडी थांबते आणि तिला मागून बँकर इंजिनं लावतात, कारण घाटाचा चढ ३७ला १ आहे: सदतीस मीटर पुढे सरकलं की एक मीटर वर. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात, आणि तेवढं अवजड धूड बोगद्यांतून, पुलांवरून, खालच्या दरीकडे बघत वर येतं. १८६५ साली हा घाट रेल्वेला खुला झाला. इगतपुरीला बँकर सुटतात. पूर्वी तर इथे इंजिनच बदलायचं, कारण मुंबईकडे डीसी वीज आणि पुढे एसी, त्यामुळे फलाटावर उतरून पाय मोकळे करायला, चहा घ्यायला, खिडकीतल्या माणसाला वडा आणून द्यायला भरपूर वेळ मिळे. माझं खासगी मत विचाराल तर या सगळ्या मुलखात जाऊन बघावं असं काही असेल तर ते हे. पण त्याला पास लागत नाही, हातावर कागदी पट्टी बांधत नाहीत, आणि तिकिटाची किंमत इतकी कमी आहे की सोमवारी कुणाला सांगायला लाज वाटेल.

५. न्याहारी वसूल करा

‘ब्रेकफास्ट इन्क्लुडेड’ हे शब्द वाचल्यापासून मराठी माणसाची झोप उडते. ती इन्क्लुडेड आहे म्हणजे तिचे पैसे गेलेले आहेत, आणि गेलेले पैसे परत आणण्याचा पोट हाच एक मार्ग आहे.

वेळ साडेसात ते साडेदहा. सुट्टीच्या दिवशी उशिरा उठायचं असतं, म्हणून पावणेआठचा गजर लावा. पहिल्या फेरीत इडली आणि पोहे. दुसऱ्या फेरीत कॉर्नफ्लेक्स, जे घरी कुणी आणलं तर तुम्ही ‘हे काय आजाऱ्याचं’ म्हणता. तिसऱ्या फेरीत ऑम्लेटची रांग. रांगेत पुढचा माणूस चार ऑम्लेटं सांगेल, वेगवेगळी. शांत राहा, तुम्ही शांत राहायलाच आला आहात. परतताना दोन केळी पर्समध्ये. कुणी बघितलं तर मुलाकडे बोट दाखवा.

मग पूल. पूलपाशी फलक असतो की नायलॉनचा पोशाख असल्याशिवाय उतरू नये. तुमच्याकडे नसेल. पाय सोडून कडेला बसा आणि पुस्तक पालथं ठेवा.

६. टेस्टिंग करा

हा मुख्य विधी. घाई नको.

एक उंच टेबल, समोर चार-पाच ग्लास, पलीकडे काळ्या टी-शर्टातला तरुण. प्रत्येक ग्लासात वाइन बोटभर. “एवढीच?” असं तोंडातून निघू देऊ नका. मनात म्हणा.

ग्लास देठाला धरा. तिरका करून रंग बघा. रंगाला नुसतं ‘पिवळसर’ म्हणायचं नसतं, त्याला ‘स्ट्रॉ’ म्हणायचं असतं. मग ग्लास गोल फिरवा, टेबलावर टेकवूनच. हवेत फिरवलात तर तो ताकाची रवी धरल्यासारखा घुसळला जातो आणि पांढऱ्या शर्टवर शिराझ सांडते. शिराझचा डाग निघत नाही, हे मी अधिकाराने सांगू शकतो.

मग नाक. पूर्ण आत घाला. अर्धवट घातलंत तर अर्धवटच कळतं.

इथे नवशिक्यांची पंचाईत होते, कारण वास खरोखर येतात. सोव्हिन्याँ ब्लाँमध्ये सिमला मिरचीचा वास येतो, आणि तो भास नाही: पायराझिन नावाची तीच रसायनं मिरचीतही असतात आणि त्या द्राक्षातही. शिराझमध्ये काळी मिरी येते, तिचंही तसंच आहे. शेनिन ब्लाँला पेरूचा वास. म्हणजे डब्यात सिमला मिरचीची भाजी निघाली की तोंड वाकडं करणारा माणूस इथे पैसे देऊन ग्लासात नाक बुडवतो आणि डोळे मिटून म्हणतो, “वा! कॅप्सिकम!” तुम्हीही म्हणा. फक्त ‘ढोबळी’ म्हणू नका, किंमत उतरते.

मग एक घोट. जिभेवरून सगळीकडे फिरवा आणि गिळा. थुंकायला एक भांडं ठेवलेलं असतं. जाणकार तिथे थुंकतात. पैसे भरून आलेल्या मराठी माणसाला त्यात थुंकताना मी तरी पाहिलेला नाही.

आता मत द्या. जिभेला जे कळलं ते जसंच्या तसं बोलायचं नाही, एवढं लक्षात ठेवलंत की निम्मं काम झालं. तुरट लागली? “टॅनिन छान आहेत.” आंबट लागली? “ॲसिडिटी छान आहे.” खोकल्याच्या औषधासारखी लागली? “कॉम्प्लेक्स आहे.” काहीच कळलं नाही? मग भुवया उंचावून थोडा वेळ गप्प राहा आणि म्हणा, “फिनिश लांब आहे हं.” काळ्या टी-शर्टातला तरुण मान डोलावेल. तो सगळ्यांनाच मान डोलावतो.

एक धोक्याची सूचना. सासरे बरोबर असतील तर त्यांना टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसवा. विशेषतः सासरे गावाकडचे असतील तर. ते पहिला ग्लास एका दमात संपवतील, मिशी पुसतील आणि त्या पोराला विचारतील,

“कुठला रे तू?”

“इथलाच, बाबा. संजेगाव.”

“घरची बाग आहे?”

इथे काय होतं ते बघा. आतापर्यंत पाठ केलेलं इंग्रजी बोलणारा तो मुलगा एकदम मराठीत येतो आणि टेबलावर कोपरं टेकतो.

“आहे ना. पण ती खायची, थॉमसन. मांडवावरची. ही वाइनची सरळ तारेवर असते. हिला माल जास्त धरू देत नाहीत, बाबा. माल वाढला की साखर चढत नाही. चोवीस ब्रिक्सपर्यंत न्यायची असते.”

“चोवीस! म्हणजे खायच्या द्राक्षापेक्षा गोड?”

“लय गोड. पण मणी बारका, साल जाड, आत बिया. खायला मजा नाही.”

“मग अवकाळी आला की?”

“मण्यात पाणी उतरलं ना, की झोपच नाही बघा. रात्री वाजलं तरी उठून आभाळ बघायचं. आमचे दादा तर मोबाइलवर हवामान बघतात आणि पुन्हा बाहेर जाऊन बघतात.”

हे बोलणं ताबडतोब तोडा. खोकला काढा, बिल मागा, काहीही करा. एवढं चाललं तर सासरे ब्रिक्स मीटर मागवतील, टेबलावरचे सगळे ऐकायला लागतील आणि डाऊनी-भुरीसारखे वेलीचे रोग, औषधाचा खर्च, तोडणीची मजुरी अशी माहिती मिळत जाईल. माहिती मिळाली की आराम बिघडतो. तरुणाला पुन्हा इंग्रजीत आणण्यासाठी विचारा, “धिस वन, इज इट ओक एज्ड?”

७. बागेत फोटो काढा

टेस्टिंगनंतर उन्हं उतरायच्या आत बागेत शिरा. दोन ओळींच्या मधे उभं राहून, पाठमोरं, हॅट एका हाताने धरून चालत जायचं आणि हाक आल्यासारखं वळून बघायचं. हाक नवऱ्यानेच मारायची असते. तो ‘अगं थांब, फोकस गेला’ म्हणतो ती वेगळी.

पावसाळ्यात पानांवर निळसर डाग दिसले तर त्यांना हात लावू नका, शर्टला लागू देऊ नका. ते बोर्डो मिश्रण आहे, मोरचूद आणि चुन्याचं. बोर्डो हे फ्रान्समधल्या नामांकित वाइनच्या प्रांताचं नाव. तुम्ही ते वर्षातून एकदा, जपून, उच्चार चुकणार नाही अशा बेताने घेता. इथला बागायतदार ते उठता-बसता घेतो, पण त्याच्याकडे ते बाटलीतून नाही, फवारणीच्या पंपातून येतं.

तोडणीच्या दिवसांत बागेत माणसं असतात. क्रेट घेतलेली, डोक्याला फडकं बांधलेली, कात्रीने घड तोडणारी. पेठ-सुरगाण्याकडूनही मजूर येतात या बागांच्या कामाला. त्यातल्या बायका तुमच्या फ्रेममध्ये आल्या तर “जरा बाजूला होता का, मावशी?” असं गोड आवाजात म्हणा. त्या होतील, हसतीलसुद्धा, आणि एकमेकींकडे बघतील. तुम्ही शनिवारचं उन्हात उभं राहायला पैसे दिलेत, हे त्यांना कुणीतरी आधीच सांगितलेलं असतं.

घड हातात धरून फोटो घ्यायचा तर आधी विचारा. न विचारता तोडू नका. मोह झालाच तर एक मणी तोंडात टाका, पण त्यातल्या बियांचं काय करायचं याचा विचार आधी करून ठेवा, कारण व्हिडिओ चालू असतो.

८. शांतता शोधा

संध्याकाळी तुम्हाला शांतता हवीशी वाटेल. साहजिक आहे. पलीकडच्या लॉनवर कुणाच्या तरी पंचविसाव्या वाढदिवसाचा डीजे सुरू झालेला असेल.

याच इगतपुरीत धम्मगिरी आहे, विपश्यनेचं केंद्र. १९७६पासून तिथे शिबिरं होतात. दहा दिवसांचं शिबिर, पहाटे चारला घंटा, मौन, फोन जमा, संध्याकाळी नव्या साधकाला चहा-फळं, आणि फी नाही. जाताना इच्छा असेल तर दान. देशोदेशींची माणसं तिथे येऊन गप्प बसून जातात.

एकाच गावात दोन्हीकडे लोक मन हलकं करायला येतात, त्यामुळे इंटरनेटवर शोधताना घोटाळा होऊ शकतो. दोन्हींना हल्ली ‘रिट्रीट’च म्हणतात. बटण दाबण्याआधी नीट वाचा. चुकून तिकडचं दाबलं गेलं तर दहा दिवस स्वतःबरोबर बसावं लागेल, आणि तुम्ही ज्या कारणासाठी दर दोन महिन्यांनी घाट चढता ते कारणच सापडण्याची भीती आहे. त्यापेक्षा डीजे बरा. तो दहाला बंद होतो, निदान तसा नियम आहे.

९. स्थळदर्शन

भावली धरण: गाडीतून. त्रिंगलवाडी किल्ला: पायथ्यापासून. घाटनदेवी: नमस्कार, चालत्या गाडीतून चालतो. कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर: लांबून, ‘पुढच्या वेळी नक्की’ असं म्हणत. बाकी काही राहिलं तर राहू द्या.

१०. परत या

चेकआउट अकराला. पण सगळे विचार करतात की दुपारची झोप काढून, चहा घेऊन, आरामात चारला निघू. आरामात चारला निघालेली ती सगळी माणसं तुम्हाला साडेचारला भेटतील, एकाच जागी, एकामागे एक, ब्रेकचे लाल दिवे लावून. काल टेस्टिंगच्या टेबलावर ‘फिनिश लांब आहे’ म्हणणारे गृहस्थ शेजारच्या गाडीत असतील. काच खाली करून ते विचारतील, “पुढे अपघात आहे का हो?” तुम्ही म्हणाल, “नाही, रविवार आहे.”

आता डिकी उघडा. दशम्या काढा. चटणी जरा सुकलेली असेल, चिवडा अजून कुरकुरीत असेल. दोन दिवसांत तुम्ही जे जे खाल्लंत त्यात हे एकच असं आहे की ज्याच्याबद्दल कुणाला काही बोलावं लागणार नाही. शेजारच्या गाडीतल्या मुलाला मूठभर द्या. त्याचे वडील लाजतील आणि मग स्वतः हात पुढे करतील.

११. बाटली सांभाळा

वायनरीच्या दुकानातून बाटली घ्यावीच लागते. रिकाम्या हाताने परतणं बरं दिसत नाही, आणि टेस्टिंगनंतर माणूस उदार असतो.

ही बाटली घरात येताना आई दारात असेल. ती पिशवीकडे बघेल. तुम्ही सांगायला सुरुवात करा: ही दारू नव्हे, वाइन आहे. शेतीमाल आहे. राज्याने २००१ सालीच द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं ते शेतकऱ्यासाठीच. जानेवारी २०२२मध्ये मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांवरच्या सुपरमार्केटांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ही दारू की द्राक्षाचा रस यावर अख्खा महाराष्ट्र भांडला होता, हेही सांगा. विधानसभेत न सुटलेला प्रश्न तुमच्या स्वयंपाकघरात एका वाक्यात सुटेल. आई म्हणेल, “मग द्राक्षंच आणायची ना.”

बाटली लगेच उघडू नका. जुनी वाइन चांगली असते, असं तुम्ही ऐकलेलं आहे. ते काही थोड्या वाइनांबद्दल खरं आहे. तुम्ही आणलेली शेनिन ब्लाँ वर्ष-दोन वर्षांत, गार करून पिऊन टाकायची असते. पण इतकी महाग वस्तू अशी सहज संपवणं आपल्या रक्तात नाही. फ्रीजमध्ये ती आडवी बसत नाही, उभी ठेवली तर ताकाच्या भांड्याला जागा राहत नाही. तेव्हा ती माळ्यावर जाईल, दिवाळीच्या कंदिलाशेजारी. तिथे तिला एक मे महिना मिळेल, मग दुसरा.

मग एखाद्या शनिवारी साडू-मेहुणी जेवायला येतील तेव्हा ती खाली काढा, धूळ पुसा, ग्लास देठाला धरायला शिकवा. साडूंनी एक घोट घेतला की त्यांच्या तोंडाकडे बघू नका. आधी आपणच म्हणा, “ॲसिडिटी छान आहे.” उरलेली काकडीच्या कोशिंबिरीत घाला; दाण्याचं कूट जरा जास्त लागतं.